टिचकीकाकांचे हातमोजे

"माझ्या वडिलांनी जन्मात कधी हातमोजे घातले नाहीत," समोर बसलेली बाई म्हणाली. "आणि काल दवाखान्यात त्यांच्या हातांतले मोजे कात्रीने कापून काढावे लागले."

मामांनी कॅमेऱ्याची काच पुसणं थांबवलं. भाचीने मात्र मान वर केली नाही. ती वहीत लिहीत राहिली.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

बाई तिशीची. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. डोळे सुजलेले होते, पण बोलणं सरळ होतं. तिचे वडील वाफेच्या टर्बाइनची पाती तपासायचे. मोठ्या वीजकेंद्रातलं टर्बाइन म्हातारं झालं की मोडीत निघतं. पण त्याची सगळीच पाती काही वाया गेलेली नसतात. गावाबाहेरच्या एका कारखान्यात अशी पाती सोडवून आणत, साफ करत आणि छोट्या गिरण्यांच्या टर्बाइनांना पुन्हा बसवत. कुठलं पातं धड आणि कुठलं नाही, हे शेवटी तिचे वडील ठरवत. पात्यावर नखाने टिचकी मारायची आणि कान लावायचा. धड पातं गातं, तडा गेलेलं नुसतं खट् करतं. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे सगळे त्यांना टिचकीकाका म्हणायचे.

"काल जेवणाच्या सुट्टीत ते मांडणीच्या शिडीवरून पडले, वरची पेटी डोक्यात बसली, असं कारखान्याचं म्हणणं. अजून शुद्धीवर नाहीत. पण मोजे घातले की नखाला काही कळत नाही, असं ते म्हणायचे. कडाक्याच्या थंडीतसुद्धा नाही घातले. आणि मोज्यांखालची बोटं..."

"काय?"

"लालभडक. डॉक्टरांना आधी रक्त वाटलं. पण पुसून निघेना. तो रंग मी ओळखते. तडा शोधायला पात्याला लावतात तो. लहानपणी आई त्यांचे टॉवेल वेगळे धुवायची. पण पात्यांची तपासणी संपून तीन आठवडे झाले. काल सकाळी माझ्यासमोर त्यांनी नाश्ता केला, तेव्हा बोटं स्वच्छ होती."

आता भाचीने वही मिटली.

"बोटांचं कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. नर्स, डॉक्टर आणि मी."

"मग सांगूही नका. घाई कशाची आहे? तुमचा पाय सारखा हलतोय."

बाईने पाय आवरला. "दुपारी दोनला त्या पात्यांचा रोटर, म्हणजे टर्बाइनचं फिरतं चाक, गाडीवर चढतोय. कागदगिरणीत परवा सुरू होणार. बाबा काल निघताना म्हणाले, पाठवायच्या आधी एकदा सगळ्यांशी बोलून घेतो. पात्यांबद्दल ते असंच बोलायचे. त्यांना काही वेगळं ऐकू आलं असेल, तर ते आता कोण सांगणार?"

भाची उठली आणि तिने स्कूटरची किल्ली मामांकडे टाकली. मामांच्या हातून ती निसटली, पण ते नेहमीचंच होतं.

मामा नात्याने मामा, वयाने तीनच वर्षांनी मोठे. भाचीने बारा वर्षं एका विमा कंपनीसाठी जळालेले आणि कोसळलेले कारखाने तपासले होते. मग नोकरी सोडून ती खाजगी चौकशा करायला लागली. मामांच्या फोटो स्टुडिओच्या वरची खोली हे तिचं ऑफिस. पुराव्याचे फोटो मामा काढत. "डोकं तिचं, डोळा माझा," असं ते लोकांना सांगत. फोटो काढताना मामा नेहमी एक डोळा मिटतात, काहीवेळा दोन्ही, असं भाची त्यावर म्हणे.

कारखान्याच्या आवारात शिरल्याशिरल्या डाव्या हाताला जुन्या पात्यांचा ढीग होता. वाफेने आणि वर्षांनी त्यांच्यावर तपकिरी खपली धरली होती. हे असलं गंजकं लोखंड कोणी पुन्हा वापरत असेल यावर मामांचा विश्वास बसेना. त्यांनी तसं म्हटल्यावर, दोघांना आत न्यायला आलेली कारखान्याची मालकीण हसली नाही, पण तिचा आवाज जरा निवळला.

"वाळूचा मारा केला की आतून राखेसारखं करडं, स्वच्छ पोलाद निघतं. तो केल्याशिवाय काका पात्याला हातच लावत नाहीत. खपलीखाली तडा दिसत नाही ना!"

मालकीण पंचेचाळिशीची, अंगात करडा कोट, खिशात पेन्सिल. वडिलांच्या मागे कारखाना तीच चालवत होती. कामगार तिला ताई म्हणत. "मला हे काम काकांनी शिकवलं," ती म्हणाली. "काल मीच त्यांना अँब्युलन्समध्ये चढवलं. काय विचारायचं ते विचारा. मात्र दोनला गाडी लागेल."

तिने त्यांना कामाच्या क्रमाने फिरवलं. आधी वाळूची खोली. मग काकांचं तपासणीचं टेबल. पुढे मिलिंग मशीन. तिथे पात्याचं बूड नव्या चकतीच्या खाचेत बसेल असं कापत. मग वजनाची खोली. तिथे मालकीण स्वतः पाती तोलून जोड्या लावायची आणि रंगाने नंबर घालायची. सगळ्यात शेवटी तो रोटर.

लोखंडी पाळण्यावर तो आडवा ठेवला होता. चकतीभोवती हातभर लांबीची बाहत्तर पाती, एकाला एक लागून. कॅमेऱ्यातून बघताना मामांना ते पोलादी फूलच वाटलं.

"यातलं एखादं निसटलं तर?" त्यांनी सहज विचारलं.

"मिनिटाला काही हजार फेरे घेतो हा. पातं वरचं जाड कवच फाडून बाहेर येईल. गिरणीच्या त्या दालनात एका पाळीला अकरा माणसं असतात."

मामांनी कॅमेरा खाली घेतला.

रोटरपासून सहा पावलांवर मांडणी होती. शिडी अजून तशीच टेकवलेली होती. खाली फुटलेली पेटी आणि पुसलेल्या डागाची ओल. मामांनी फोटो काढले. भाची तोवर काकांच्या टेबलापाशी गेली होती. टेबलावर एकही पातं नव्हतं. तीन डबे ओळीने ठेवलेले होते. एकात लाल रंग, एकात पांढऱ्या पुडीचा फवारा आणि एकात रंग पुसून काढायचं औषध. भाचीने एकेक उचलून हलवून पाहिला. लाल आणि पांढरा अर्धे भरलेले होते. पुसायच्या औषधाचा डबा मात्र तळाला गेलेला होता.

"हा तर नवाच आणून ठेवला होता," मालकीण पुटपुटली.

"हे वापरतात कसं?"

"आधी लाल रंग लावायचा. तडा असेल तर रंग आत झिरपतो. मग वरचा सगळा पुसून टाकायचा आणि पांढरी पूड फवारायची. पूड आतला रंग शोषून घेते. दहा मिनिटांत लाल रेघ उमटते."

"आणि नापास झालेली पाती?"

कोपऱ्यात कुलूप लावलेलं पिंप होतं. एक किल्ली काकांकडे, दुसरी ऑफिसात. "जुन्या टर्बाइनच्या रांगेत शहात्तर पाती होती," कुलूप काढत मालकीण म्हणाली. "काकांनी चार नापास केली. बाहत्तर उरली, आणि आम्हाला नेमकी तेवढीच हवी होती. या मापाचं त्र्याहत्तरावं पातं जगाच्या पाठीवर कुठे मिळायचं नाही."

पिंपात चार पाती होती, प्रत्येकावर पिवळी फुली. मामांनी ती जमिनीवर ओळीने मांडली. तीन अंगभर राखेसारखी करडी. चौथं मात्र घासूनपुसून लखलखत होतं. फक्त बुडाच्या खाचांत तपकिरी काहीतरी भरलेलं होतं. भाचीने ते नखाने टोकरलं.

"चार म्हणजे चारच आहेत," मामा समाधानाने म्हणाले. "आणि हे चौथं तर मला सगळ्यांत चांगलं दिसतंय."

"फोटो जवळून घ्या, मामा," भाची म्हणाली. "बुडाचा."

मग चौकशी सुरू झाली. पहिला आला फिटर. हाच रोटरमध्ये पाती बसवायचा. त्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि का म्हणतात हे कळायला अर्धं मिनिट पुरलं.

"साडेबारा ते एक, मी आणि पैलवान फाटकाजवळच्या पत्र्याखाली जेवत होतो. जागचे हललो नाही. ताई तिथेच क्रेनवाल्याबरोबर गाडीची मापं घेत होत्या. एकला मी आत आलो तर काका खाली पडलेले! कोपरापर्यंत चामड्याचे मोजे, अंगावर पेटी. मी ओरडलो, ताई धावल्या. फार वाईट झालं हो, बाई. इतक्या चांगल्या कामाला गालबोट लागलं."

"चांगलं कशावरून?"

"अहो, असा रोटर मी बघितलेला नाही! पाती बसवल्यावर रोटर फिरवून बघतात. एका बाजूला झुकला तर समोर वजनाचे तुकडे लावावे लागतात. या वेळी एक तुकडा लागला नाही. ताईंनी तोलून दिलेल्या जोड्या जशा होत्या तशा बसल्या."

दुसरा पैलवान, म्हणजे मिलिंग मशीन चालवणारा. अंगकाठी अशी की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा वाटावा. त्याच्या मशीनच्या हिरव्या पत्र्यावर खडूच्या रेघा होत्या. प्रत्येक पातं कापून झालं की एक रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मामांना ती रांगोळी आवडली. त्यांनी फोटो काढता काढता मोठ्याने मोजलं, "चौदा जुड्या आणि वर तीन रेघा."

"किती पाती कापलीत?" भाचीने विचारलं.

"बाहत्तर," तो लगेच म्हणाला.

"सगळी नीट उतरली?"

"ताईंनी तोलून घेतलीत की." तो मशीनकडे बघत बोलत होता. कोरड्या फडक्याने कोरडाच हात पुसत होता.

"काकांशी तुमचं भांडण?"

"काकांशी?" त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "मला इथे लावलं ते काकांनी."

शेवटी ऑफिस. मालकिणीचा भाऊ कारखान्याची खरेदी आणि बाहेरची कामं बघायचा. कामगारांचे धाकटे साहेब. चाळिशीचा, हसतमुख, दाढी गुळगुळीत. त्याने दोघांसाठी स्वतः पाणी ओतलं.

"मी इथेच होतो, फोनवर. गिरणीचे मोठे साहेब बोलत होते. आरडाओरडा ऐकला, पण त्यांना मध्येच तोडणार कसं? बाहेर आलो तर अँब्युलन्स फाटकाबाहेर पडलेली. काकांचं तोंडसुद्धा दिसलं नाही मला."

"आज दवाखान्यात जाऊन आलात?"

"गाडी गेली की जाणार. सकाळपासून मान वर करायला फुरसत नाही." त्याने सुस्कारा टाकला. "फार हट्टी हो म्हातारा! शिडी चढू नका म्हणून शंभर वेळा बजावलं. त्या रंगाने निसरडी झालेली बोटं घेऊन लोखंडी शिडी चढायची म्हणजे काय गंमत आहे? लहानपणी याच माणसाने मला खांद्यावर बसवून हा कारखाना दाखवलाय. जीव तुटतो."

"हे जुनं टर्बाइन तुम्हीच आणलंत ना?"

त्याची मान ताठ झाली. "मीच. ताई नको म्हणत होती. म्हणाली, पुरेशी पाती निघणार नाहीत. मी सगळ्यांसमोर छातीठोक सांगितलं, बाहत्तर निघतील. नाही निघाली तर या ऑफिसात पाऊल टाकणार नाही. निघाली की नाही?"

बाहेर आल्यावर मामांना राहवलं नाही. "पैलवानच! कसला घाम फुटला होता त्याला."

"पैलवान जेवत होता, मामा. रेडिओ साक्षीला आहे."

"मग दोघे मिळून?"

"मघाशी काढलेल्या फोटोंतल्या रेघा पुन्हा एकदा मोजा," भाची म्हणाली. तेवढ्यात फाटकात मोठा हॉर्न वाजला. दीड वाजला होता. गाडी अर्धा तास आधीच आली होती.

गाडीबरोबर कागदगिरणीचा इंजिनीअर आला होता. उंच, चिडका, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट ठेवूनच बोलणारा. क्रेनवाल्याने आकडा रोटरवर आणला. साखळ्या खळखळल्या. धाकटे साहेब पुढे होऊन हाताने खुणा करत होते. मामा अजून कॅमेऱ्यात बघून बोटं मोजत होते. वर बघतात तर भाची आकडा आणि रोटर यांच्या मधोमध उभी!

"बाजूला व्हा, बाई!" क्रेनवाला ओरडला.

"दहा मिनिटं थांबा," भाची म्हणाली. "ताई, तो पांढरा फवारा आणा. सगळ्या पात्यांच्या बुडापाशी मारा. लाल रंग लावायचा नाही. फक्त पांढरी पूड."

"हा काय तमाशा आहे?" धाकटे साहेब म्हणाले. "तयार मालावर पूड? ताई, यांना बाहेर काढ."

इंजिनीअरचंही तेच मत पडलं. पण मालकीण भाचीकडे टक लावून बघत होती. नुसती पूड मारून काय होईल, हे त्या आवारात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तिने डबा उचलला. रेडिओ रोटर हळूहळू फिरवत गेला आणि ती फवारत गेली. बाहत्तर पाती चुन्यासारखी पांढरी झाली. मामांनी घड्याळ बघितलं. एक वाजून त्रेचाळीस मिनिटं.

"आता ऐका," भाची म्हणाली. "काकांना दवाखान्यात नेलं, तेव्हा हातमोज्यांखाली त्यांची बोटं लाल होती. काल सकाळी नव्हती. म्हणजे काल दुपारी त्यांनी कशालातरी रंग लावला. कशाला? टेबलावर एक पातं नाही. पाती आहेत ती सगळी या रोटरवर. ते जेवणाच्या सुट्टीत इथे आले, एकेका पात्याला टिचकी मारत गेले, आणि एक पातं गायलं नाही. खात्री करायला त्यांनी त्याला रंग लावला."

रेडिओने रोटरवरचा हात मागे घेतला.

"त्याच वेळी कोणीतरी आलं. काका पडले. त्या माणसाने पात्यावरचा रंग पुसला. घाबरून इतका पुसला की औषधाचा भरलेला डबा रिकामा झाला. काकांना मांडणीपाशी ओढलं, शिडी लावली, पेटी ढकलली. राहिली ती लाल बोटं. ती काही केल्या पुसली जाईनात. म्हणून त्यांच्या हातांत मोजे चढवले."

"गोष्ट छान आहे," धाकटे साहेब म्हणाले. "पुरावा?"

"पुसून वरचा रंग जातो. तड्याच्या आत झिरपलेला जात नाही."

सगळ्यांच्या माना रोटरकडे वळल्या. पांढऱ्यावर पांढरंच दिसत होतं. मामांनी घड्याळ बघितलं. चार मिनिटं. इंजिनीअरने घड्याळावरचं बोट काढलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"पण काकांनी तर नीट तपासून दिली होती," रेडिओ म्हणाला. त्याचा आवाज आज कधी नव्हे तो खाली आला होता. "मग वाईट पातं आलं कुठून?"

"पिंपातून. पिंपात चार पाती आहेत, हिशोब बरोबर दिसतो. पण चौथ्याच्या खाचांत तपकिरी खपली आहे. वाळूच्या माऱ्याशिवाय काका पात्याला हात लावत नाहीत. म्हणजे ते पातं काकांनी तपासलेलंच नाही. नापास कसं करतील? ते बाहेरच्या ढिगातलं, दुसऱ्याच टर्बाइनचं आहे. वरून घासून, फुली मारून पिंपात टाकलं, कारण पिंपातलं खरं नापास पातं कोणीतरी काढून नेलं होतं."

"ते कधी?" मालकिणीने विचारलं.

"तुम्ही तोलण्याच्या आधी. नंतर बदललं असतं तर जोड्यांची वजनं चुकली असती आणि रोटर झुकला असता. तो झुकला नाही. म्हणजे रेडिओच्या हाती येण्याआधीच पातं बदललं होतं. तपासणी आणि वजन यांच्यामध्ये काय येतं?"

"मिलिंग," मामा एकदम बोलले. त्यांचा चेहरा उजळला. "चौदा पंचे सत्तर आणि तीन. त्र्याहत्तर रेघा! पाती बाहत्तर!"

पैलवानने हातातलं फडकं खाली टाकलं.

"एक जास्त खोल कापलं गेलं माझ्या हातून," तो म्हणाला. "कटर सरकला. ताईंना सांगायला निघालो होतो. धाकटे साहेब म्हणाले, बोलू नकोस, नोकरी जाईल, काकांनी एक चांगलं पातं राखून ठेवलंय. त्यांनीच आणून दिलं. मी कापलं. ते बिघडलेलं घेऊन गेले. मला खरंच वाटलं, बाई, की ते काकांनी दिलंय."

"खोटं!" धाकटे साहेब ओरडले. "स्वतःची चूक माझ्या गळ्यात मारतोय. पिंपाची किल्ली ताईकडेही असते. आणि काल मी ऑफिसाबाहेर पडलोच नव्हतो!"

"अँब्युलन्स गेल्यावर बाहेर आलात," भाची म्हणाली. "काकांचं तोंडही बघितलं नाहीत. दवाखान्यात गेला नाहीत."

"नाही म्हणजे नाही!"

"रेडिओने काकांना बघितलं तेव्हा हातांत मोजे होते. ताईंनी अँब्युलन्समध्ये चढवलं तेव्हाही होते. मोजे काढले ते दवाखान्यात. खालची बोटं नर्स, डॉक्टर आणि त्यांची मुलगी, एवढ्यांनीच पाहिली, आणि मुलीने ते फक्त आम्हाला सांगितलं. मग साहेब, पाणी देताना तुम्ही मला म्हणालात, रंगाने निसरडी झालेली बोटं घेऊन म्हातारा शिडी चढला. ती बोटं तुम्हाला कुठे दिसली?"

धाकट्या साहेबांनी फाटकाकडे पाहिलं. तिथे गाडी उभी होती.

"ताई," रेडिओ कुजबुजला. "एक्केचाळीस नंबर."

पांढऱ्या पुडीतून, बुडाच्या दोन बोटं वर, एक लाल ठिपका फुटला होता. त्याच्याशेजारी दुसरा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते जोडले गेले आणि केसाएवढी बारीक रेघ पात्याच्या आडवी सरकत गेली. अर्धी रुंदी झाली तरी ती थांबेना. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि या वेळी दुसरा डोळाही मिटला नाही.

इंजिनीअर जवळ आला. वाकून बघितलं. "मशीन सुरू करताना मी बाजूलाच उभा असतो," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला, आणि जाऊन गाडीच्या पायरीवर बसला.

मालकीण भावासमोर उभी राहिली.

"पाडलंस तू त्यांना?"

"ढकललं फक्त. शपथ घेतो, ताई. ते म्हणाले, आत्ता ताईला बोलावतो. मी म्हटलं, एवढासा तडा, दहा वर्षं काही होणार नाही. ऐकेनात. मी हात धरला, त्यांनी सोडवून घेतला, मग मी ढकललं. पाळण्याची कड लागली डोक्याला."

"शुद्धीवर होते?"

त्याने पूड सांडलेल्या जमिनीवर बूट घासला.

"मी विचारतेय, मोजे घालताना शुद्धीवर होते का?"

"हाक मारत होते," तो म्हणाला. "बाळ म्हणून."

वाळूच्या खोलीतला हवेचा कॉम्प्रेसर बंद झाला होता. कुठेतरी साखळीची एक कडी दुसरीवर आपटत होती. मालकिणीने भावाला मारलं नाही, शिवी दिली नाही. ती ऑफिसात गेली आणि पोलिसांना तिने स्वतः फोन लावला. पत्ता सांगताना ती चुकली, तेव्हा तिने तो पुन्हा पहिल्यापासून सांगितला. बाहेर येऊन क्रेनवाल्याला म्हणाली, "आकडा काढा. आज काही जाणार नाही."

पैलवानने खोल कापलेलं पातं धाकट्या साहेबांच्या गाडीत सापडलं. कागदगिरणीने काम काढून घेतलं नाही. एक पातं नव्याने घडवून घ्यायला साडेचार महिने लागतील असं मालकिणीने सांगितलं, तेव्हा इंजिनीअर म्हणाला, पाच घ्या.

टिचकीकाका सहाव्या दिवशी शुद्धीवर आले. मामा आणि भाची भेटायला गेले, तेव्हा लेक त्यांना चमच्याने पेज भरवत होती आणि मालकीण दाराशीच उभी होती. काकांना पोलिसांपुढे काही सांगता आलं नव्हतं. जेवणाची घंटा झाली आणि आपण रोटरपाशी गेलो, इथपर्यंतच त्यांना आठवत होतं. पुढचं सगळं पुसलं गेलं होतं.

"एक पातं बोललं नाही, एवढं आठवतं," ते भाचीला म्हणाले. त्यांची बोटं अजून फिकट गुलाबी होती. "निघालं का ते?"

"निघालं," भाची म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली. मग त्यांची नजर दाराकडे गेली.

"पोरी, आत ये की. अशी परक्यासारखी काय उभी राहिलीस?" त्यांनी तिच्या मागे पाहिलं. "आणि बाळ कुठाय? सगळे येऊन गेले, तो एकटाच आला नाही."

लेकीने चमचा वाटीत ठेवला. तिने मालकिणीकडे पाहिलं, मालकिणीने भाचीकडे. मामांना वाटलं, आता भाची काहीतरी बोलेल, नेहमीसारखं निभावून नेईल. पण भाचीने मामांचा दंड धरला आणि त्यांना खोलीबाहेर आणलं.

दार मिटण्याआधी मामांनी एवढंच पाहिलं की मालकिणीने स्टूल पलंगाजवळ ओढलं, काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ती सांगायला लागली.